दुकानात चालू, प्रेसमध्ये उघडा: खानापूरच्या एका लॅपटॉपच्या फायरवॉलचं प्रकरण

मागच्या पावसाळ्यात एका मंगळवारी दुपारी आतेभावाचा, म्हणजे दादाचा, फोन आला. खानापुरात त्याचं झेरॉक्स आणि पत्रिका-डिझाइनचं दुकान आहे. ऑफसेटची छपाई मात्र तो बेळगावातल्या एका प्रेसमध्ये करून घेतो. गणपती तोंडावर आलेले, मंडळांची पावतीपुस्तकं छापायला टाकायची होती, म्हणून तो लॅपटॉप घेऊन प्रेसमध्ये बसला होता. तिथूनच फोन केला होता आणि आवाज अगदी खाली आणून बोलत होता.

"अरे, इथला ऑपरेटर म्हणतोय, दादा, तुमचा लॅपटॉप आमच्या कॉम्प्युटरवर दिसूलालाय. मला बोलावून दाखवला की त्यानं. आपलं ते स्कॅनचं फोल्डर आहे न्हवं, ते पूर्ण उघडतंय. बायकांची आधार कार्डं, रेशन कार्डं, सगळी त्याच्या स्क्रीनवर."

मी त्याला आधी वायफाय बंद करायला लावलं आणि पावतीपुस्तकांची फाइल पेन ड्राइव्हवरून दे म्हणून सांगितलं. त्या ऑपरेटरचे आभार मानायलाही सांगितलं. त्याने ते फोल्डर गुपचूप स्वतःकडे उतरवून घेतलं असतं, तर आम्हाला कधी कळलंही नसतं.

बेळगाव आणि आसपास कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम मी बरीच वर्षं करतोय. फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून मशीनमध्ये काय येऊ द्यायचं ते ठरवणारा पहारा, बंद करून ठेवलेली मशीन मला दर महिन्याला भेटतात. हे एक प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण चूक कुठून सुरू झाली आणि कशी वाढत गेली, ते यात पायरीपायरीने सापडलं. दुसरं कारण असं, की त्या फोल्डरमधले कागद आमच्या ओळखीच्या माणसांचे होते.

दुकानाची रचना

दुकान लहान आहे. पुढच्या टेबलावर एक डेस्कटॉप, त्यावर वहिनी बिलं करतात. मागे दादाचा लॅपटॉप, त्यावर डिझाइन चालतं. दोन्हींवर विंडोज ११. सगळा महत्त्वाचा भार मात्र लॅपटॉपवर होता, कारण तोच मशीन नवा आणि वेगवान. बिलिंगच्या सॉफ्टवेअरचा मूळ डेटा लॅपटॉपवर, आणि डेस्कटॉप नेटवर्कवरून त्याला जोडला जायचा. ते सॉफ्टवेअर लॅपटॉपवर ९००० नंबरच्या पोर्टवर, म्हणजे मशीनमध्ये शिरायच्या नंबर घातलेल्या एका दारावर, ऐकत बसतं. स्कॅनरही लॅपटॉपलाच जोडलेला, त्यामुळे स्कॅन केलेला प्रत्येक कागद लॅपटॉपवरच्या 'स्कॅन' फोल्डरमध्ये जाऊन पडायचा. पुढून वहिनींना प्रिंट काढता यावी म्हणून ते फोल्डर शेअर केलेलं होतं. पासवर्ड नाही, सगळ्यांना पूर्ण परवानगी. लॅपटॉप बेळगावला गेला, की वहिनी वहीवर बिलं लिहायच्या.

या फोल्डरमध्ये काय होतं ते सांगायला हवं. २०२३ मध्ये कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेची नोंदणी सुरू झाली, घरातल्या कर्त्या बाईला महिन्याला २००० रुपये. त्या दिवसांत दुकानापुढे रांगा लागल्या होत्या. आधार, रेशन कार्ड, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, सगळ्याच्या प्रती हव्या होत्या. आमच्या भागातल्या पुष्कळ बायकांना कन्नड बोलता येतं, पण वाचता येत नाही. वहिनींचं शिक्षण कन्नडमधून झालंय, त्यामुळे फॉर्ममध्ये कुठे काय लिहायचं ते विचारायला बायका त्यांच्याकडेच यायच्या. तेव्हापासूनचे स्कॅन तसेच पडलेले होते. त्यानंतर शेतीचे उतारे आले, शाळेचे दाखले आले. फायलींना नावं दिली होती ती माणसांच्या नावांनीच, गावासकट.

साखळी कशी जुळत गेली

रविवारी मी खानापूरला गेलो. मच्छे सोडल्यापासून पाऊस होता आणि दुकानात पोचलो तेव्हा लाइट गेलेली होती. ती येईपर्यंत दादाला आणि वहिनींना समोर बसवून जूनपासून काय काय झालं ते विचारत गेलो. मशीनला हात लावण्याआधी माणसांना विचारावं असं मला नेहमी वाटतं. निम्मा शोध तिथेच लागतो.

जूनमध्ये एका रात्री वीज कडाडली आणि राउटर जळला. इंटरनेटवाल्यांनी नवा राउटर दिला. त्याचं वायफायचं नाव वेगळं, म्हणजे विंडोजच्या लेखी ते अनोळखी नेटवर्क. विंडोज ११ अनोळखी नेटवर्कला आपण होऊन 'पब्लिक' धरतं. त्या प्रकारात फोल्डर आणि प्रिंटर शेअरिंगची दारं मिटलेली असतात, आणि तसंच असायला हवं, कारण बस स्टँडच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर कोणी आपलं फोल्डर उघडू नये. पण दुकानात परिणाम असा झाला, की डेस्कटॉपवरून 'स्कॅन' फोल्डर दिसेनासं झालं.

त्याच आठवड्यात बिलिंगच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. ती नव्या फोल्डरमध्ये बसली. पहिल्यांदा उघडल्यावर विंडोजने एक खिडकी दाखवली: हा प्रोग्रॅम नेटवर्कवरून येणारे कनेक्शन घेऊ पाहतोय, परवानगी द्यायची का? दादा एका गिऱ्हाइकाचं काम करत होता. खिडकी कशाची आहे ते न वाचता त्याने 'कॅन्सल' दाबलं. मलाही विचारलं असतं, तर घाईत मी कदाचित तेच दाबलं असतं. अनोळखी खिडकी आली की 'कॅन्सल' दाबणं सुरक्षित असतं असंच आपण सगळे धरून चालतो.

आता एकाच वेळी दोन गोष्टी बंद पडल्या, फोल्डर आणि बिलिंग. कारणं दोन, वेगवेगळी. बाहेरून मात्र दिसलं एकच: 'नवा राउटर आला आणि नेटवर्क बिघडलं.' म्हणून राउटर बसवणाऱ्या मुलाला परत बोलावलं. त्याने पाच मिनिटं इकडेतिकडे बघितलं, नेटवर्कच्या तिन्ही प्रकारांसाठी (ऑफिसचं डोमेन, घरचं प्रायव्हेट, बाहेरचं पब्लिक) फायरवॉल बंद केली, आणि सगळं चालू झालं. फोल्डर उघडलं, बिलं निघाली. दादाने त्याला चहा पाजला.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला त्या दिवशी आणखी दहा घरं करायची होती. सुरुवातीच्या काळात मीही हेच केलंय, एकदा नव्हे, बऱ्याचदा. फायरवॉल बंद केल्यावर अडचण गेली, तर त्यातून इतकंच कळतं, की अडवणूक फायरवॉलच करत होती. कोणत्या नियमाने केली, का केली, हे शोधायचं काम तिथून पुढे सुरू होतं. आपण मात्र नेमके तिथेच थांबतो, कारण दुकान चालू झालेलं असतं.

त्यानंतर दोन महिने विंडोज स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल खूण दाखवत राहिलं. दादाला तिची सवय झाली.

रविवारी काय केलं

लाइट आल्यावर पहिलं काम म्हणजे लॅपटॉपच्या फायरवॉलची आहे ती स्थिती एका फाइलमध्ये जपून ठेवली. रन खिडकीत 'डब्ल्यूएफ डॉट एमएससी' टाइप केलं, की फायरवॉलची मोठी खिडकी उघडते. तिच्या ॲक्शन मेनूत 'एक्स्पोर्ट पॉलिसी' आहे. पुढे काही बिघडलं तर जिथून निघालो तिथे परत येता येतं. हे एक मिनिटाचं काम आहे आणि ते केल्याशिवाय मी आता नियमांना हात लावत नाही.

मग डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक, तिन्ही चालू केले. वहिनी पुढच्या टेबलावर बसल्या होत्या. "गेलं बघा भावजी," त्या म्हणाल्या. सर्व्हर सापडत नाही असं सॉफ्टवेअर सांगत होतं, फोल्डरही मिटलेलं. म्हणजे जूनमधली अडचण जशीच्या तशी परत समोर आली. मला तेच हवं होतं.

फोल्डरचं कारण लगेच कळलं. लॅपटॉपवर नेटवर्कच्या नावाखाली 'पब्लिक' लिहिलेलं होतं. पण ते मी मुद्दाम तसंच ठेवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने काय सुटलं ते कळत नाही. आधी बिलिंग घेतलं. 'इनबाउंड रूल्स'मध्ये, म्हणजे आत येणाऱ्या कनेक्शनच्या नियमांत, नवा नियम केला: टीसीपी (डेटा पाठवायची एक पद्धत), पोर्ट ९०००, परवानगी द्या, तिन्ही प्रकारांत. वहिनींनी परत सॉफ्टवेअर उघडलं. नाही.

इथे माझा अर्धा तास गेला. डेस्कटॉपवरून लॅपटॉपला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का' अशी हाक मारली, उत्तर नाही. त्यावरून मला वाटलं, की नवा राउटरच दोन मशीनना एकमेकांशी बोलू देत नसावा. काही राउटरमध्ये तशी सोय असते. वायफाय सोडून केबल लावली, राउटरची पानं चाळली. सगळं वाया. पब्लिक प्रकारात विंडोजची फायरवॉल पिंगलाही उत्तर देऊ देत नाही, त्यामुळे पिंग न मिळणं हा कशाचाच पुरावा नाही. हे मला माहीत असूनही मी त्या वाटेला लागलो.

मग जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं, फायरवॉलची नोंदवही चालू केली. ती मुळात बंद असते. त्याच मोठ्या खिडकीत प्रॉपर्टीज उघडून प्रत्येक प्रकाराच्या लॉगिंगमध्ये 'ड्रॉप्ड पॅकेट्स'ला 'यस' म्हणायचं. विंडोजच्या सिस्टिम ३२ फोल्डरमध्ये 'लॉगफाइल्स', त्यात 'फायरवॉल', तिथे साध्या मजकुराची एक फाइल तयार होते. वहिनींना परत एकदा बिलिंग उघडायला सांगितलं आणि फाइल नोटपॅडमध्ये उघडली. एकाखाली एक ओळी होत्या. तारीख, वेळ, मग 'ड्रॉप', 'टीसीपी', मग १९२.१६८.१.७, मग १९२.१६८.१.५, आणि पुढे ९०००. पहिला पत्ता डेस्कटॉपचा, दुसरा लॅपटॉपचा.

ती ओळ वाचली आणि सगळ्या शंका मिटल्या. राउटर ठीक होता, केबल ठीक होती. डेस्कटॉपची हाक लॅपटॉपच्या उंबऱ्यापर्यंत येत होती आणि उंबऱ्यावरच टाकून दिली जात होती. परवानगीचा नियम समोर असताना टाकून दिली जात होती, म्हणजे तिथे दुसरा कोणता तरी नियम जास्त जोर करत होता.

नियमांची यादी नावाप्रमाणे लावली आणि खाली खाली जात राहिलो. हिरव्या खुणा, करड्या ओळी, आणि त्यांच्यामध्ये बिलिंग सॉफ्टवेअरच्या नावाचे दोन नियम, दोन्हींवर लाल गोल. एक टीसीपीचा, एक यूडीपी या दुसऱ्या पद्धतीचा. प्रकार पब्लिक, कृती ब्लॉक, प्रोग्रॅमचा पत्ता नव्या आवृत्तीचा. दादाला बोलावून दाखवले. जूनमधलं ते 'कॅन्सल' इथे बसलेलं होतं.

परवानगीच्या खिडकीत 'कॅन्सल' दाबलं, की विंडोज नुसती खिडकी मिटवून गप्प बसत नाही. त्या प्रोग्रॅमला अडवणारे नियम लिहून ठेवतं, आणि ते नियम पुढे कायम राहतात. परवानगी आणि मनाई समोरासमोर आली, तर विंडोजच्या फायरवॉलमध्ये मनाई जिंकते. म्हणून मी ९००० पोर्ट कितीही उघडला, तरी उपयोग नव्हता. आणि म्हणूनच त्या मुलाला फायरवॉल बंद करणं हाच एक उपाय दिसला. त्याने एखादा परवानगीचा नियम करून बघितलाही असेल.

दोन्ही लाल नियम काढून टाकले. बिलिंग लगेच जोडलं गेलं. दुकानाच्या वायफायचा प्रकार प्रायव्हेट केला, फोल्डर उघडलं. माझा तिन्ही प्रकारांतला परवानगीचा नियम उडवून त्याजागी फक्त त्या प्रोग्रॅमपुरता, ९००० पोर्टपुरता आणि प्रायव्हेटपुरता नियम केला. फायरवॉल चालू, दुकान चालू. वहिनींनी चहा आणला.

खरी अडचण चहानंतर

खरं तर इथे काम संपलं असतं. दुकानाचं नेटवर्क प्रायव्हेट, बाहेरचं प्रत्येक नेटवर्क आपोआप पब्लिक, म्हणजे प्रेसमध्ये गेल्यावर दारं मिटणार. दादाला मी हेच समजावत होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "पण प्रेसचं वायफाय मी प्रायव्हेट करून ठेवलंय की रे. तिथला प्रिंटर दिसेना म्हणून. दोनेक वर्षं झाली असतील."

म्हणजे फायरवॉल बंद नसती, तरी प्रेसमध्ये ते फोल्डर दिसलंच असतं. त्याने स्वतःच लॅपटॉपला सांगून ठेवलं होतं, की हे घरचंच नेटवर्क आहे. प्रेसमध्ये वायफायचा पासवर्ड भिंतीवर लिहिलेला आहे. दिवसभरात पंधरा-वीस माणसं येऊन जोडली जातात, प्रत्येकाचा लॅपटॉप किंवा फोन. त्यांतल्या एकाच्याही मशीनमध्ये किडा, म्हणजे आपण होऊन पसरणारा व्हायरस, असला, तर तो शेजारच्या मशीनची दारं ठोठावून बघणार.

दादाचा प्रश्न रास्त होता: "राउटर असतोय की मध्ये. तो बाहेरचं अडवतो म्हणतात." अडवतो, बाहेरचं. मी त्याला शहापुरातल्या आमच्या जुन्या वाड्याचं उदाहरण दिलं. वाड्याचा दिंडी दरवाजा लावला की गल्लीतला माणूस आत येत नाही, पण वाड्यात सात बिऱ्हाडं आहेत आणि प्रत्येकाच्या खोलीला आपली कडी आहे. राउटर हा दिंडी दरवाजा, मशीनवरची फायरवॉल ही खोलीची कडी. प्रेसमध्ये तू दुसऱ्याच्या वाड्यात जाऊन बसतोस, आणि तुझ्या खोलीची कडी काढलेली.

ही कडी विंडोजमध्ये आली तीही ठेच लागल्यावरच. २००१ च्या एक्सपीमध्ये फायरवॉल होती, पण मुळात बंद. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा १३५ नंबरच्या पोर्टातून मशीनमागून मशीन पसरत गेला, कोणी काही उघडलेलं नसताना. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, सर्व्हिस पॅक २ ही एक्सपीची मोठी सुधारणा आली आणि फायरवॉल आपोआप चालू राहू लागली. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा किडा फाइल शेअरिंगच्या ४४५ पोर्टातून शिरला. त्याला रोखणारी दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती, पण असंख्य मशीनवर ती बसवलेली नव्हती. दादाच्या लॅपटॉपवर जूनपासून याच पोर्टापुढची कडी निघालेली होती.

मग मी वेगळा विचार केला. लॅपटॉपवर कोणते नियम ठेवायचे याचा खल करण्यापेक्षा, जो मशीन गावोगाव फिरतो त्याच्यावर कोणी बाहेरून येऊन हाक मारावी असं काही असावंच का? बिलिंगचा डेटा लॅपटॉपवर होता तो केवळ लॅपटॉप नवा म्हणून. फोल्डर तिथे होतं ते स्कॅनरची केबल तिथे पोचते म्हणून. दोन्ही कारणं फिरवता येण्यासारखी होती.

डेटाचा बॅकअप घेतला, डेस्कटॉपवर सॉफ्टवेअर सर्व्हर म्हणून बसवलं, डेटा तिकडे नेला. स्कॅनरला लांब केबल लावून तोही पुढे आणला. राउटरमध्ये डेस्कटॉपला १९२.१६८.१.१० हा पत्ता कायमचा बांधून दिला, म्हणजे लाइट जाऊन आली तरी पत्ता बदलणार नाही. डेस्कटॉपवर नेटवर्क प्रायव्हेट केलं आणि एकच नवा नियम केला: हाच प्रोग्रॅम, टीसीपी ९०००, फक्त प्रायव्हेट, आणि स्कोपमध्ये 'लोकल सबनेट', म्हणजे याच राउटरमागची मशीन. फक्त लॅपटॉपचा एकच पत्ता लिहायचा विचार होता, पण लॅपटॉप कधी केबलवर असतो, कधी वायफायवर. पत्ता बदलला की वहिनींना मला फोन करावा लागला असता. नियम इतका घट्ट करू नये, की लोक वैतागून तो बंदच करतील.

डेस्कटॉपवरच्या शेअर फोल्डरसाठी पासवर्डचं वेगळं खातं केलं आणि 'सगळ्यांना परवानगी' काढली. हे फायरवॉलचं काम नव्हे, पण कडी आणि कुलूप दोन्ही हवं. लॅपटॉपवरचं शेअरिंग बंद केलं, बिलिंगचे नियम पुसले, आणि कंट्रोल पॅनेलमध्ये फायरवॉलच्या पानावर प्रायव्हेट आणि पब्लिक, दोन्हींखाली 'येणारी सगळी कनेक्शन अडवा, परवानगीच्या यादीतलीसुद्धा' या चौकटीत खूण केली.

दादाला भीती वाटली, की आता इंटरनेट बंद पडणार. पडत नाही. लॅपटॉपने स्वतः काही मागितलं, एखादं पान, मेल, डेस्कटॉपवरची बिलं, तर त्या मागणीचं उत्तर आत येऊ दिलं जातं. फायरवॉल लक्षात ठेवते की आपण कोणाला हाक मारली होती. न बोलावता आलेलंच परत जातं. त्याने लगेच लॅपटॉपवरून बिलिंग उघडून बघितलं, मग मेल, मग व्हॉट्सॲप. सगळं चालत होतं.

स्कॅनचं काय करायचं

यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ बोललो, आणि मला वाटतं बोलायलाच हवं होतं. नियम काहीही करा, दोन वर्षांची आधार कार्डं एका जागी साठलेली असणं हीच जोखीम. मी म्हटलं, संध्याकाळी दुकान बंद करताना दिवसाचे स्कॅन पुसायचे, रिसायकल बिनसकट, आणि जुने सगळे आजच.

वहिनी ऐकेनात. "भावजी, जांबोटीकडनं म्हातारी बाई बस धरून येते. एकदा कागद हरवला होता तिचा, आपल्यातनं काढून दिला. आता नाही म्हणून सांगू काय तिला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांच्याकडे कागद ठेवायला जागा नाही, फोन साधा, पेन ड्राइव्ह कशाला म्हणतात माहीत नाही, त्यांच्यासाठी हे दुकान म्हणजे पेटी होती. ती पेटी त्यांनी विश्वासाने वहिनींच्या हवाली केली होती.

शेवटी वहिनींनीच मार्ग काढला. जी स्वतःहून 'ठेवा' म्हणते तिचे कागद ठेवायचे, तिला विचारून, वहीत सही किंवा अंगठा घेऊन. बाकीचे रोज पुसायचे. ठेवलेले कागद शेअर फोल्डरमध्ये नाहीत. ते डेस्कटॉपवर वहिनींच्या पासवर्डच्या खात्यात, वेगळ्या फोल्डरमध्ये. जुने स्कॅन त्या रात्री दोघांनी मिळून चाळले. हजाराच्या वर फायली होत्या, आणि राहिल्या त्या एका पानावर मावतील इतक्याच.

प्रेसमधली तपासणी

पुढच्या मंगळवारी मीही दादाबरोबर प्रेसमध्ये गेलो. प्रेसच्या वायफायचा प्रकार त्याने माझ्यासमोर पब्लिक केला. ऑपरेटरला विनंती केली, की मागच्या वेळी केलंस तसंच करून दाखव. त्याने नेटवर्क उघडलं, वाट बघितली. इतर चार-पाच नावं आली, दादाचं नाही. मग त्याने लॅपटॉपचा पत्ता थेट टाइप केला. गोल फिरत राहिला, आणि शेवटी जोडणी होत नाही असा निरोप आला. मी त्याच्याच मशीनवर पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शनने ४४५ आणि ९००० हे दोन्ही पोर्ट तपासले. दोन्हींपुढे 'फॉल्स', म्हणजे जोडणी होत नाही.

ऑपरेटरने मग विचारलं, माझं पण बघता काय? त्याच्या यादीत दिसणाऱ्या त्या चार-पाच नावांपैकी दोन प्रेसचीच मशीन होती, आणि त्यांतल्या एकावर गिऱ्हाइकांच्या सगळ्या फायली उघड्या होत्या. त्या दुपारी तेही काम झालं.

प्रेसचा प्रिंटर मात्र आता दादाच्या लॅपटॉपवर आपोआप दिसत नाही. तो फाइल मेल करतो किंवा पेन ड्राइव्हवर देतो. दोन मिनिटं जास्त जातात. त्याने तक्रार केलेली नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि पत्रिकांची गर्दी सुरू झाली. त्या धामधुमीत एके दिवशी सकाळी वहिनींचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. डेस्कटॉपच्या स्क्रीनचा, थोडा तिरका. बिलिंगची नवी आवृत्ती आली होती आणि तीच परवानगीची खिडकी समोर होती. खाली लिहिलं होतं, "काहीच दाबलं नाही अजून. गिऱ्हाईक थांबलंय."

मी फोन केला. खिडकीत प्रोग्रॅमचं नाव काय, कंपनीचं नाव काय, ते वाचायला सांगितलं. दोन्ही बरोबर होती. मग म्हटलं, फक्त प्रायव्हेटवर खूण ठेवा, पब्लिकवर असेल तर काढा, आणि 'अलाउ' दाबा. त्यांनी दाबलं, मागे बिलाच्या प्रिंटरचा आवाज आला.

"भावजी," त्या म्हणाल्या, "ही आवृत्ती पण नव्या फोल्डरात बसली असणार न्हवं? मग तुम्ही केलेला तो जुना नियम अजून जुन्या जागेलाच दाखवत असेल. तो काढायचा काय?"

"काढायचा," मी म्हटलं, "आणि आत्ता झालेल्या नव्या नियमात लोकल सबनेट घालायचं. रविवारी येतो."

"नको, तुम्ही सांगा, मी करते," त्या म्हणाल्या, आणि गिऱ्हाइकाला दोन मिनिटं थांबा म्हणून सांगितलं.